विषय : राखाडी

नवरात्रातला शनिवार उजाडला की लोकलच्या महिलांच्या डब्यात थोडी कुरकुर ऐकू येते. गुरुवारचा पिवळा, शुक्रवारचा हिरवा सगळ्यांकडे असतो. शनिवारचा राखाडी मात्र कपाटात सापडत नाही. मग कोणी बहिणीची जुनी शिफॉन मागून आणते, कोणी चंदेरीलाच राखाडी म्हणून खपवते. संध्याकाळपर्यंत बँकांतल्या, शाळांतल्या, पोलीस ठाण्यांतल्या बायकांनी ओळीत उभं राहून काढलेले फोटो राज्यभर फिरलेले असतात. रंगांची ही यादी वारांवर बेतलेली आहे : सोमवार पांढरा, मंगळवार लाल, वगैरे. 'महाराष्ट्र टाइम्स'ने ती छापायला आणि वाचकांचे फोटो मागवायला सुरुवात केली, त्यानंतर ती घरोघरी गेली. तिला शास्त्राधार काय, यावर दरवर्षी वाद होतो, आणि वाद घालणाऱ्यांपैकी बरेच जण संध्याकाळी त्याच रंगात फोटोसाठी उभे असतात.

ठरलेला विषय, ठरलेली मुदत आणि प्रत्येकाने आपापल्या परीने काढलेला एक फोटो. हौशी छायाचित्रकार याला 'थीम चॅलेंज' म्हणतात. माझ्या मते महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं थीम चॅलेंज नवरात्रातच होतं, आणि त्यात भाग घेणाऱ्या बहुतेकींना आपण छायाचित्रणाचा काही छंद करतो आहोत असं वाटतही नाही. कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. विषय कुठून आला, तो आपल्याला आवडतो का, हे त्या फार विचारत बसत नाहीत. राखाडी म्हणजे राखाडी.

मी ज्या गटात आहे तो पुण्यातला, व्हॉट्सॲपवरचा. चालवणारे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणतात. गटात एक दंतवैद्य आहेत, विमा कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका आहेत, आयटीतले काही जण आहेत, सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एक काकू आहेत ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, आणि लग्नाच्या शूटिंगला सहायक म्हणून जाणारा एक मुलगा आहे. कॅमेऱ्यावर पोट असलेला तो एकटाच, आणि विषयावरून सगळ्यांत जास्त कटकट करणाराही तोच. शनिवारी सकाळी सर विषय टाकतात. पुढच्या शुक्रवारी रात्री दहापर्यंत एक फोटो पाठवायचा. तो त्याच आठवड्यात काढलेला हवा. लडाखच्या सहलीतला साठा उकरून काढायचा नाही. फोटो सरांना पाठवायचा तोही 'डॉक्युमेंट' म्हणून, कारण साधा पाठवला तर व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं आणि आत नोंदलेली तारीख, शटर, आयएसओ सगळं पुसून टाकतं. सर नाव काढून, नुसता आकडा घालून फोटो गटात टाकतात. चर्चा आधी, नावं नंतर. या एका नियमामुळे दंतवैद्यांना काकूंच्या फोटोतला मोठेपणा आणि स्वतःच्या फोटोतला भपका एकाच संध्याकाळी दिसून गेलेला आहे.

एका पावसाळ्यात सरांनी 'राखाडी' हाच विषय दिला होता. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचं डोकं एकाच वाटेने जातं, हे अशा वेळी स्पष्ट कळतं. ढगाळ आकाश, उड्डाणपुलाचे खांब, कबुतरं. ही तिन्ही चित्रं प्रत्येकाच्या फोनमध्ये होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र माणसं घरात बघायला लागली. पाट्या-वरवंट्याची टाकी लावलेली खरबरीत पाठ, भांडी घासायच्या राखेचा डबा (तो अजून कुणाकडे आहे याचंच गटाला कौतुक वाटलं), वडिलांच्या दाढीचे खुंट, वर्तमानपत्राच्या शाईने मळलेली बोटं. काकूंनी पाठवला तो फोटो धुतलेल्या तव्याचा होता, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात. आणि त्यात राखाडीच्या इतक्या छटा होत्या की लग्नाच्या शूटिंगवाल्या मुलाने लाइट कुठून मारला असं विचारलं.

या विषयात एक गंमत दडलेली होती, आणि सरांनी ती मुद्दाम आठवडाभर सांगितली नाही. कॅमेऱ्याच्या आतला प्रकाशमापक मुळात राखाडीच शोधत असतो. समोर येणारं सगळं मिळून सरासरी मध्यम राखाडी आहे, असं गृहीत धरून तो उजेडाचा हिशोब करतो. छायाचित्रकारांच्या पिशवीत पूर्वी हमखास असणारं १८ टक्के परावर्तनाचं राखाडी कार्ड त्याचसाठी. म्हणून चौकटभर पांढरीशुभ्र भिंत असली तर फोटोत ती मळकट येते आणि चौकटभर काळी म्हैस असली तर ती धुरकट करडी होते. म्हशीच्या पाठीवर बगळा बसला असेल तर विचारूच नका. म्हशीवर मोजलं तर बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो, बगळ्यावर मोजलं तर म्हैस अंधारात जाते. आताचे फोन हे दोन्ही सांभाळायला चटकन अनेक फोटो काढून एकमेकांत मिसळतात, त्यामुळे फोनवाल्यांना हा पेच जाणवतच नाही. कॅमेरावाल्यांना मात्र एक्स्पोजर कमी-जास्त करायचं बटण आयुष्यात पहिल्यांदा सापडतं. आमच्या आयटीतल्या दोघांकडे लाखभराचे कॅमेरे असूनही ते बटण तोवर कशासाठी असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्ग घेऊन हे शिकवता आलं असतं, पण 'राखाडी' म्हटल्यावर ते गरज म्हणून शिकलं गेलं.

हौशी माणसाचा स्वाभाविक ओढा 'फोटो काढण्यासारख्या' गोष्टींकडे असतो. भिगवणचे रोहित, कासची फुलं, वारीचं रिंगण, जेजुरीचा भंडारा. यादी चांगली आहे, मीही ती फिरून आलो आहे. पण ती यादी आपण केलेली नसते. कुठे उभं राहायचं, किती वाजता, कोणत्या लेन्सने, हेसुद्धा ठरलेलं असतं. पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी वरच्या वळणावर जागा धरून बसलेल्या छायाचित्रकारांची गर्दी पाहावी : प्रत्येकाला तोच नागमोडी रस्ता आणि तीच माणसांची नदी हवी असते. ते दृश्य भव्य आहे यात शंका नाही. पण तिथून काढलेले फोटो एकमेकांत मिसळले तर कोणता कोणाचा हे काढणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. लादलेला, शक्य तर थोडा नावडता विषय ही यादी आठवडाभर बाजूला ठेवायला लावतो, आणि ज्या गल्लीतून आपण रोज दूध आणायला जातो ती पुन्हा बघावी लागते.

एकमेकांचे फोटो पाहून शिकायचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. फ्रेंच सरकारने १९ ऑगस्ट १८३९ रोजी दागेरोटाइपची कृती जगापुढे खुली केली, आणि पंधराच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतरच्या. मुंबईच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कॅमेरा चालवणारे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्गही त्याच सुमारास सुरू झाले आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी मंडळींसाठी 'द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' मासिकासारखा काढला. त्यात छापील चित्रांऐवजी प्रत्यक्ष फोटोंच्या प्रती चिकटवलेल्या असत. काचेवर ओलं रसायन पसरायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही, असा तो काळ. मुंबईच्या मे महिन्यात ते किती भरभर वाळत असेल याची कल्पना करून पाहावी. आमची शुक्रवार रात्रीची मुदत त्यापुढे फारच उदार.

पुढे या हौसेला पदव्या लागल्या. १९५० मध्ये युरोपात 'फियाप' हा छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ आकाराला आला, १९५३ मध्ये डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने आपल्याकडे 'फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी' उभं राहिलं. 'सलोन' हा शब्द हौशी वर्तुळात केस कापण्याखेरीज दुसऱ्या अर्थानेही चालतो. सलोनला ठरलेले विभाग असतात : कृष्णधवल, रंगीत, निसर्ग, प्रवास. प्रवेश फी भरायची, मोजके फोटो पाठवायचे, परीक्षक गुण देणार, आणि कट-ऑफच्या वर गेलात तर 'ॲक्सेप्टन्स'. इतके ॲक्सेप्टन्स, इतक्या देशांत, इतक्या वेगवेगळ्या फोटोंना, असा हिशोब जुळला की नावापुढे 'फियाप'ची एएफआयएपी ही पदवी लावता येते. मी अशा मंडळींना ओळखतो ज्यांच्या एक्सेल शीटमध्ये हा हिशोब प्राप्तिकर विवरणाइतक्या काळजीने मांडलेला असतो. त्यांची मी चेष्टा करणार नाही, कारण त्यांचं तंत्र पक्कं असतं. पण गुण देणाऱ्याला एकेका फोटोसाठी काही सेकंदच मिळतात. मग त्या सेकंदांत ओरडून लक्ष वेधणारा फोटो काढायची सवय लागते, आणि ती पुढे सुटत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला न्यू यॉर्कचा जेमी लिव्हिंग्स्टन. ३१ मार्च १९७९ पासून त्याने रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली. विषय एकच, आजचा दिवस. परीक्षक नाही, बक्षीस नाही. दुसरा फोटो काढून पहिला टाकून द्यायचा, असाही प्रकार फारसा नाही, कारण पोलरॉइडचा एकेक कागद महाग. मित्र, ताटातलं अन्न, रस्ता, सर्कशीतली माणसं, टीव्हीवरचा बेसबॉलचा सामना. अठरा वर्षं तो हे करत राहिला. शेवटच्या काळातल्या फोटोंत इस्पितळाच्या खोल्या येतात, कर्करोगाची खूण येते, लग्नही येतं. २५ ऑक्टोबर १९९७ ला, त्याच्या वाढदिवशी, तो गेला; त्या दिवसाचाही फोटो आहे. मित्रांनी नंतर हा सगळा संग्रह जगापुढे आणला. त्यातले बरेच फोटो सुटे पाहिले तर कुठल्याही सलोनमध्ये पहिल्या फेरीत बाद होतील. ओळीने पाहिले की मात्र नजर काढवत नाही. आज जे लोक '३६५' म्हणून रोज एक फोटो काढायचा नेम धरतात त्यांच्यातले बहुतेक फेब्रुवारीत गळतात. माझं मत, रोजचा नेम हौशी माणसाने धरूच नये, आठवडा बरा. नोकरी, पाहुणे, ताप-सर्दी सगळं आठवड्यात बसतं.

विषयाचा आणखी एक उपयोग आहे : फोटो काढणाऱ्याच्या पलीकडे तो कुणाच्या तरी कामाला येऊ शकतो. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' सुरू केलं. विषय : आपल्या भागातली नोंद झालेली वारसास्थळं. फोटो मुक्त परवान्याखाली द्यायचा, म्हणजे नाव देऊन तो कुणालाही वापरता येतो. पुढच्याच वर्षी ते युरोपभर पसरलं आणि १,६८,२०८ फोटो जमा होऊन जगातली सर्वांत मोठी छायाचित्रस्पर्धा म्हणून गिनेसमध्ये गेलं. २०१२ मध्ये भारत सामील झाला, आणि त्या वर्षी आंतरराष्ट्रीय पहिला क्रमांक दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोला मिळाला. २०१७ चा पहिला क्रमांक तर आपल्या जेजुरीचा. खंडोबाच्या देवळात भंडारा उधळला जातो आहे, आणि दगड, माणसं, हवा सगळं पिवळं.

ज्यांनी सोमवती अमावास्येला जेजुरी गड चढून कॅमेरा चालवला आहे त्यांना त्या फोटोची किंमत वेगळ्या कारणाने कळेल. भंडाऱ्याची पूड लेन्सच्या कड्यात, बटणांच्या फटीत, सगळीकडे शिरते. अनुभवी माणसं कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लेन्सच्या तोंडाशी रबरबँड लावतात आणि काहीही झालं तरी गडावर लेन्स बदलत नाहीत. दुरुस्तीचं दुकान गाठल्यावर तिथला माणूस वासावरून ओळखतो की गिऱ्हाईक कुठून आलं आहे.

पण त्या स्पर्धेचं खरं काम क्रमांकाच्या फोटोंनी होत नाही. गावाबाहेरच्या देवळाची मागची भिंत, शेताच्या बांधावर कलंडलेला वीरगळ, झुडपांनी बुजलेली बारव, यांचे साधे, सरळ, स्वच्छ उजेडातले फोटो हेच अनेकदा त्या वास्तूचं एकमेव उपलब्ध चित्र असतं. उद्या तो वीरगळ रस्तारुंदीत हलला, किंवा ग्रामस्थांनी प्रेमाने देवळाला ऑइलपेंट लावला (हे आपल्याकडे वरचेवर होतं), तर आधी काय होतं हे सांगायला तोच फोटो उरेल. असा फोटो गटात टाकला तर कुणी 'वा' म्हणत नाही. विमावाल्या काकांनी तरीही एका विषयाच्या निमित्ताने वीरगळ टिपायला सुरुवात केली आणि ते आता दुसरं फारसं काही काढत नाहीत. शिळेवरचे खालून वर जाणारे कप्पे नीट दिसावेत म्हणून ते सकाळचं किंवा संध्याकाळचं, बाजूने येणारं ऊन गाठतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं.

आता बिघडतं कुठे ते. विषय जेवढा मोठा, तेवढा फोटो ओळखीचा निघतो. 'दार', 'पिवळा', 'गुडघ्याखालचं जग' असे विषय दिले की माणूस शोधायला लागतो. 'एकटेपणा', 'संघर्ष', 'निरागसता' दिले की तो आठवायला लागतो, आणि आठवतात ती आधी पाहिलेली चित्रं. एकटेपणासाठी बाकावरचा म्हातारा. संघर्षासाठी डोक्यावर विटा घेतलेली बाई. निरागसतेसाठी झोपडीच्या दारातलं शेंबडं पोर. त्या म्हाताऱ्याला विचारलेलं नसतं. तो कदाचित नातवाची शाळा सुटायची वाट बघत मजेत बसलेला असतो. सुरकुत्या कृष्णधवलमध्ये ठळक उठून दिसतात म्हणून खेड्यातल्या आज्ज्यांचे चेहरे पिढ्यान् पिढ्या स्पर्धांना पाठवले गेले, आणि त्यांतल्या कितीजणींपर्यंत आपल्या फोटोची एक प्रत पोचली असेल, हा प्रश्न कुठल्याही प्रवेशपत्रिकेवर नसतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन-येऊन. रविवार सकाळच्या फोटोवॉकला कष्टकऱ्यांच्या वस्तीत शिरून 'संघर्ष' गोळा करणाऱ्यांनी ते काम आधी पाहावं. आमच्या सरांनी भावनांची नावं असलेले विषय बंद केले, ते मला पटतं.

निसर्गाच्या विषयांत लबाडीला जागा जास्त. पहाटेचं दव म्हणून दिसणारे टपोरे थेंब बऱ्याचदा ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याचे असतात, कारण ते ओघळत नाहीत. घरात, स्वतःच्या कुंडीतल्या जास्वंदीवर हे करायला हरकत नाही, तसं सांगितलं की झालं. पण घरट्यातल्या पिल्लांसाठी फांद्या बाजूला केल्या की ऊन आणि कावळे दोन्ही आत येतात. म्हणून अनेक निसर्ग-स्पर्धा घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. २००९ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'चा विजेता फोटो, फाटकावरून उडी घेणारा लांडगा, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बाद झाला : लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत पडलं, छायाचित्रकाराने ते नाकारलं. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनीच्या जागतिक स्पर्धेत एका विभागाचं बक्षीस मिळाल्यावर, आपलं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेलं आहे असं सांगून ते नाकारलं. त्याला उत्तर म्हणावं असा प्रकार २०२४ मध्ये घडला. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने अरुबा बेटावरच्या, मान पोटाखाली वळवून खाजवणाऱ्या रोहिताचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. डोकं नसल्यासारखा दिसणारा तो पक्षी तिथे बक्षीस मिळवून गेला, आणि फोटो खरा आहे हे कळल्यावर बाद झाला. असे रोहित भिगवणला थंडीत रोज दिसतात. आमच्या गटात तो फोटो 'चुकीच्या क्षणी काढलेला' म्हणून हसण्यावारी गेला असता.

विषय सगळ्यांना सारखा असतो हेही अर्धंच खरं. 'रात्र' दिल्यावर पुरुष मंडळी ट्रायपॉड घेऊन पुलावर गेली आणि गाड्यांच्या लाल-पिवळ्या रेषा घेऊन आली. गटातल्या बायकांपैकी कुणीही रात्री अकराला रस्त्यावर कॅमेरा लावून उभी राहणार नव्हती, आणि राहिली असती तर फोटोपेक्षा आजूबाजूच्या माणसांकडे लक्ष ठेवण्यात वेळ गेला असता. त्यांचे फोटो घरातले : विरजण लावलेलं पातेलं, वॉशिंग मशिनचा लुकलुकणारा दिवा, रात्रपाळीच्या मुलाचा झाकून ठेवलेला डबा. दंतवैद्यांनी यावर कौतुकाने 'बायकांची नजर वेगळी' वगैरे लिहिलं. काकूंनी उत्तर दिलं की नजर तीच आहे, पुलावर जाता आलं असतं तर त्याही पुलावरच गेल्या असत्या. त्यानंतर महिनाभर गटात नजरेवर कुणी बोललं नाही. एकदा सगळे मिळून रात्री मंडईत गेलो, तेव्हा लाल-पिवळ्या रेषांचा सर्वांत चांगला फोटो काकूंचाच होता, तोही फोन कठड्यावर टेकवून काढलेला.

सध्याचा आमचा वाद तारांवरून आहे. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्याचा, देवळाचा, झाडाचा फोटो घ्या, वरून विजेच्या, केबलच्या, इंटरनेटच्या तारांचं जाळं जातंच. पूर्वी त्या टाळण्यासाठी गुडघ्यावर बसावं लागे, शेजारच्याच्या गच्चीची किल्ली मागावी लागे. आता फोनमध्ये बोट फिरवलं की तार गायब होते आणि मागचं आकाश यंत्र स्वतःच भरून टाकतं. आयटीवाल्यांचं म्हणणं, ही नुसती साफसफाई आहे. विमावाल्या काकांचं म्हणणं, आज तार पुसाल, उद्या दुकानाची पाटी पुसाल, परवा माणूस. ते आंतरराष्ट्रीय निसर्ग-विभागांचा नियम दाखवतात : कडा कापायला मुभा, पण चौकटीतलं काहीही काढायचं नाही, घालायचं नाही, हलवायचं नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्या मुलाने सांगितलं की त्याच्या धंद्यात तर नवरीच्या काकांनाही पुसतात, भांडण झालं असेल तर. मतदान घेतलं, ते बरोबरीत सुटलं. सरांनी निकाल काही दिला नाही. शनिवारी सकाळी नेहमीच्या वेळेला विषय आला : 'तारा'.

आयटीतल्या एकाने गट सोडला. तो संध्याकाळी परत आला, कारण त्याच्या गच्चीवरून तीन पिढ्यांच्या तारा एकदम दिसतात.